बिनइलाजाची ओळ

विज्ञानावर माझा गाढ विश्वास आहे, हे मी बरीच वर्षं गळ्यात काळा दोरा घालून लोकांना सांगत असे. दोरा आईनं बांधलेला होता. तिचं मन मोडू नये म्हणून मी तो काढत नाही, असा खुलासा मी कुणी न विचारताच करायचो. एकदा बनियनमधून तो बाहेर डोकावला, तेव्हा आबांनी बोटानं उचलून बघितला आणि विचारलं, "सायेब, ह्यो न घालता किती दिवस राहून बघितलंय?" मी म्हटलं, "एकही नाही." "मग कळणार कसं?" असं म्हणून त्यांनी दोरा परत आत ढकलला, वर बनियन नीट केला आणि चहा मागवला.

शेतीतली मोठी पदवी घेऊन मी नुकताच इंदापूरच्या एका सल्ला केंद्रात लागलो होतो. पिकावर रोग पडला की शेतकरी आमच्याकडे पान घेऊन यायचा आणि आम्ही औषध सांगायचो, एवढंच ते काम. राहायला खोली मिळाली ती बावड्याकडच्या रस्त्याला, आबांच्या डाळिंबाच्या बागेत, माल भरायच्या शेडला लागून. आबांचं नाव अर्थातच वेगळं होतं, पण सगळं शिवार त्यांना आबा म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला आक्का. दोन्ही मुलं पुण्यात नोकरीला. बागेत ही दोघं, दिवसा कामाला येणारी माणसं आणि मी.

आबा वाळक्या अंगाचे, कुणाचंही बोलणं मान तिरकी करून ऐकणारे. त्यांचं वेड त्यांना सरकारी माणसांनी लावलं होतं. मी यायच्या कितीतरी आधी काही शास्त्रज्ञ त्यांच्या बागेत नव्या औषधाची चाचणी घ्यायला आले होते. त्यांनी सगळ्या बागेवर फवारणी केली आणि मधली एकच ओळ कोरडी ठेवली. तिच्या तोंडाशी पत्र्याची पाटी ठोकली: 'तुलनेसाठी. फवारणी करू नये.' आबांनी विचारलं, हिनं काय पाप केलंय? त्यावर त्यातला एकजण म्हणाला, "एक ओळ मोकळी ठेवल्याशिवाय, गुण औषधाचा की आणखी कशाचा, हे कळायचं कसं?"

शास्त्रज्ञ गेले, त्यांचं औषधही पुढं बाजारातून गेलं. पाटी मात्र तिथंच राहिली आणि ते वाक्य आबांच्या डोक्यात राहिलं. त्यांनी ते उचललं आणि थेट देवीच्या पुजाऱ्यापुढं नेऊन ठेवलं. दरवर्षी बहाराच्या सुरुवातीला देवीचा अंगारा सगळ्या बागेत टाकायची रीत होती. आबा म्हणाले, एक ओळ सोडून टाका, कळू तरी द्या. पुजारी इतका चिडला, की त्यानं सगळी बागच सोडली आणि आक्कांना वर्षभर देवळात मान खाली घालून जावं लागलं. मग आबांनी ऑइल पेंट आणून पाटीवर स्वतः भर घातली: 'नवस अंगारा बी न्हाय.'

ही झाली बिनइलाजाची ओळ. तिला पाणी आणि शेणखत इतरांसारखंच मिळायचं. औषध नाही, अंगारा नाही.

पुढं आबांना प्रत्येक गोष्टीत ओळ दिसायला लागली. नवा ट्रॅक्टर आणला, तेव्हा चाकांखाली लिंबं ठेवताना त्यांनी एक चाक मुद्दाम मोकळं सोडलं. महिन्याभरात टायर फुटला तो लिंबू चिरडलेला. "फरक पडला," ते म्हणाले, "पण उलटा पडला." थोरल्याचं लग्न पत्रिका बघून, मुहूर्त काढून, घोड्यावरून केलं. धाकट्याचं तहसीलला सह्या करून. आता दोन्ही सुना आठवड्यातून एकदा फोन करतात आणि नवऱ्याबद्दल तीच तक्रार त्याच शब्दांत सांगतात. फोन ठेवला की आबा निकाल जाहीर करायचे, "फरक न्हाय." गुडघे धरले, तेव्हा एका गुडघ्याला डॉक्टरचं मलम आणि दुसऱ्याला देवीपुढच्या समईचं तेल असं त्यांनी चालवलं. दोन्ही सारखेच दुखत राहिले. पण त्यांचं दुःख ते नव्हतं. "मोकळा ठेवायला तिसरा गुडघा पायजे व्हता," ते मला कळवळून सांगायचे. "मान्साला ओळीच कमी दिल्यात सायेब."

आबा नास्तिक होते असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. त्यांचा देवावर राग नव्हता आणि औषधावर प्रेम नव्हतं. दोघांच्या बोलण्यात त्यांना एकच खोड दिसायची. "पीक आलं की पुजारी म्हनतो आईनं दिलं. गेलं की म्हनतो तुमचंच कायतरी चुकलं, शिवाशिव झाली आसंल. तुमचं बी तेच. पीक आलं की आमच्या औषदानं आलं. गेलं की तुमी येळेवर मारलं न्हाय, न्हायतर पाणी जड व्हतं." मी हसलो. त्याच दुपारी केंद्रात एकजण करपलेली फांदी घेऊन आला आणि मी त्याला विचारलं, "फवारणी वेळेवर केली होती का?" वाक्य तोंडातून गेल्यावर मी इकडंतिकडं बघितलं, आबा कुठं उभे नाहीत ना म्हणून.

आता माझ्या मूर्खपणाकडं येतो. त्याला मी बरेच दिवस संशोधन म्हणत होतो.

मी राहायला गेल्यावर दुसऱ्याच बहाराला त्या शिवारात तेल्या आला. फळावर तेलकट डाग पडतो, मग फळ तडकतं आणि बाग बघवत नाही. पंचक्रोशीत हाहाकार झाला. आबांच्या बागेचंही नुकसान झालं, पण बेतानं. आणि ती मधली ओळ, जिला कुणी थेंबभर औषध दिलं नव्हतं, ती बाकी बागेइतकीच उभी होती. आबा म्हणाले, "फरक न्हाय." मी मात्र दोन दिवस जेवलो नाही. माझ्या पदवीनं शिकवलेलं सगळं त्या ओळीशी जाऊन आपटलं होतं.

मग मी त्या ओळीचा अभ्यास मांडला. पानं भिंगातून बघितली. पानांवर कडेनं एक निळसर झाक होती. हे झाडानं स्वतःच्या संरक्षणासाठी तयार केलेलं मेणाचं पुट असणार, असं मी ठरवलं. खोडाच्या बेचक्यात राखाडी, कुठंकुठं पिवळसर थर सापडला. ती उपकारक बुरशी असणार, असंही मीच ठरवलं. नमुना तपासायला पाठवायचा होता, पण तो राहून गेला. भाषण मात्र राहिलं नाही. 'सोडून दिलेल्या झाडाची ताकद' या विषयावर मी आधी इंदापुरात, मग कन्हेरीत आणि मग बारामतीच्या शेतकरी मेळाव्यात बोललो. पडद्यावर ओळीचं चित्र, पाटीसकट. बारामतीत शाल मिळाली. पहिल्या रांगेत आबा बसले होते. त्यांनी सगळं भाषण फोनमध्ये भरून घेतलं आणि घरी आल्यावर आक्कांना ऐकवलं. आक्का कणीक मळत होत्या. ऐकून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आवाज बरा हाय की तुमचा." मला ते कौतुक वाटलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आक्कांचं पोट दुखायला लागलं. पहिले काही आठवडे त्यांनी ओवा खाऊन आणि पदर आवळून काढले. मग एके सकाळी कुट्टी टाकता टाकता त्या गोठ्यात खालीच बसल्या. मी आणि आबा त्यांना बारामतीला घेऊन गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई शांत बोलणाऱ्या होत्या. पोटात गाठ आहे, काढून टाकायला हवी, चांगली की वाईट ते काढल्यावरच कळेल, उशीर करू नका, असं त्यांनी सांगितलं.

बातमी लागली तशी आबांची बहीण पणदऱ्याहून आली. आत्याबाई बोलायला खणखणीत. म्हणाल्या, आधी देवी. पाच मंगळवार ओटी भरायची, अंगारा लावायचा, मग बघू सुरीचं. मी म्हणालो, पाच मंगळवार थांबायचं नाही, आधी ऑपरेशन. आम्ही दोघं ओसरीवर चांगलेच भांडलो. आबा मान तिरकी करून दोघांचं ऐकत होते. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "चला, बागंत चला समदी."

त्यांनी आम्हाला पाटीपाशी नेऊन उभं केलं. आक्काही हळूहळू मागून आल्या.

"ही बघा," आबा म्हणाले. "हिला औषद न्हाय, अंगारा न्हाय. उभी हाय का न्हाय? तेल्यातबी उभी ऱ्हायली. हिला चिरायचंबी न्हाय आन् नवसबी बोलायचा न्हाय. आपसूक जिरंल गाठ."

"आबा, हे झाड आहे," मी म्हणालो. "माणसाचं वेगळं असतं."

आबांनी खिशातून फोन काढला, बटणं दाबली आणि माझ्यापुढं धरला. फोनमधून माझाच आवाज आला. खर्जात, थांबून थांबून, शाल मिळणार हे माहीत असलेल्या माणसाचा आवाज: "मित्रहो, आपण उपचारांची घाई करतो. पण सजीवाला त्याच्या त्याच्यावर सोडलं, तर तो आतून सावरतो. ही ओळ आपल्याला हेच सांगते आहे." त्यामागून टाळ्या. मी 'सजीव' म्हणालो होतो. झाड म्हणालो असतो तरी सुटलो असतो, पण भाषणात मोठा शब्द घातल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं.

"हे तुमचंच शास्तर हाय न्हवं?" आबांनी विचारलं. त्यांना त्या गाठीची, त्या सुरीची, सगळ्याचीच भीती वाटत होती आणि लपायला त्यांच्याकडं ती एकच ओळ होती. ती जागा मी त्यांना शालीसकट सजवून दिली होती.

तेवढ्यात आक्का पुढं आल्या आणि पहिल्या झाडाच्या बुंध्याशी टेकल्या.

"अवो, ह्या ओळीला समदं झालंय," त्या म्हणाल्या.

"काय झालंय?"

"औषदबी झालंय आन् अंगाराबी झालाय. फवारा झाला की टाकीच्या बुडाला जे ऱ्हायचं, ते मी बादलीत काढून घेत व्हते. दुपारी तुमी आडवं झालं, की केरसुनीनं शिपडत व्हते. निळं औषद आसायचं त्येबी. आन् मंगळवारचा अंगारा, हळद बेचक्यात लावत व्हते."

निळं औषध म्हणजे मोरचुदाचं. माझं मेणाचं पुट ते हेच. उपकारक बुरशी म्हणजे देवीचा अंगारा आणि घरची हळद. मी नकळत एका पानावरून अंगठा फिरवला आणि तो खिशात लपवला.

"कवापास्नं?" आबांनी विचारलं.

"पयल्यापास्नं."

"पाटी दिसत न्हवती का तुला?"

"दिसत व्हती की. रोज हितनंच जाती मी." आक्कांना दम लागला होता, पण त्या थांबल्या नाहीत. "पंगत बसवायची, समद्यांला वाढायचं, आन् एका ओळीला म्हनायचं तुमी नुसतं बगा. आसं कुनाच्या घरी आसतं वो? मला न्हाय जमलं. तुमच्या पाटीत काय आसंल ते आसंल."

आबा ओळीतून थोडं चालत गेले. एक पान उलटं केलं, चोळलं, बोट नाकाशी नेलं. परत आले आणि पाटीकडं बघत म्हणाले, "मग इतकी वर्सं ही मला काय सांगत व्हती?"

"ते तुमचं तुमी बगा. मी काय सांगती ते ऐका. मला जगायचं हाय. मला हितं, ह्या पाटीमागं उभं करू नगा."

आक्का नवऱ्याशी इतकं सरळ बोललेल्या मी त्याआधी कधी ऐकल्या नव्हत्या. आबा त्यांच्याशेजारी, मातीतच, दुखऱ्या गुडघ्यांवर बसले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून आक्कांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि मला म्हणाले, "सायेब, सकाळी गाडी काडा."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही कुणीच धड वागलो नाही. आत्याबाई अनवाणी देवीला जाऊन आल्या, अंगारा घेऊन दवाखान्यात पोचल्या आणि आत नेऊ देईनात म्हणून नर्सच्या हातात पुडी देऊन तिच्याही कपाळाला लावून मोकळ्या झाल्या. आबा बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं औषधाचं कॅलेंडर बघत होते. विज्ञानाची बाजू सांभाळायला मी होतो. मी काय केलं? दवाखान्याच्या आवारात पारिजातकाखाली गणपतीचं छोटं देऊळ आहे. मी 'पाय मोकळे करतो' असं सांगून बाहेर आलो आणि पाय मोकळे करायला बारामतीत इतकी जागा असताना त्या देवळाभोवतीच फिरत राहिलो. एका हातानं गळ्यातला दोरा धरला होता. वर बघितलं, तर खिडकीत आबा उभे होते. ते मला नंतरही त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, हे त्यांचे माझ्यावरचे सगळ्यात मोठे उपकार.

गाठ साधी निघाली. डॉक्टरीणबाई हसऱ्या चेहऱ्यानं सांगायला आल्या आणि मी कॅलेंडरकडं तोंड करून डोळे पुसले. आत्याबाई म्हणाल्या, वाईट होती, आईनं साधी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधीच होती, आम्ही वेळेवर काढली. आबांची मान तिरकी झाली.

"डाक्तर, काडली नसती तर?"

"वाढली असती. त्रास झाला असता. किंवा वर्षानुवर्षं तशीच राहिलीही असती. नक्की सांगता येत नाही."

"आन् तू गं, नवस बोलली नसतीस तर?" हे बहिणीला.

"आसं अभद्र बोलू नगंस," आत्याबाई म्हणाल्या.

आबांनी मोठा उसासा टाकला. "दोन बायका पायजे व्हत्या," ते म्हणाले. "एकीचं काडायचं, एकीचं तसंच ठेवायचं. तवा कळलं आसतं."

आत खाटेवरून क्षीण पण स्वच्छ आवाज आला, "एक तरी झेपती का तुमाला?"

आक्का घरी आल्या, त्या आठवड्यात आबांनी ओळीची पाटी उपटली. मला वाटलं, वेड संपलं. मी तर मनातल्या मनात निरोपाचं भाषणही रचलं. पण दुसऱ्या दिवशी पाटी दिसली ती ओसरीवर, आबांच्या बाजेच्या डोक्याशी खिळ्याला. 'तुलनेसाठी. फवारणी करू नये. नवस अंगारा बी न्हाय.' खाली आबा मांडी घालून बसलेले.

"हिला दोन्ही झालं," ते मला समजावून म्हणाले. "चिरलंबी, अंगाराबी लागला. आता तुलनंला कुनीतरी मोकळं नगं का? ओळीत लबाडी झाली. माझ्यात न्हाय व्हायची."

त्यांना रक्तदाबाची गोळी होती, ती त्यांनी त्या दिवसापासून बंद केली. देवीला हात जोडायचेही बंद केले. मी समजावून बघितलं, आक्का रडल्या, पुण्याहून मुलगे येऊन ओरडून गेले. आबांनी सगळ्यांना पाटी दाखवली. मग माझी बदली बारामतीला झाली. निघताना मी आक्कांना बाजूला घेऊन म्हटलं, यांच्याकडं लक्ष ठेवा, हे चांगलं नाही. आक्का म्हणाल्या, "तुमी जावा बिनघोर."

परवा इंदापूरला काम होतं, म्हणून वाट वाकडी करून बागेत गेलो. मधल्या ओळीला आता पाटी नाही, ती कुठली हे ओळखायला मला वेळ लागला. आबा ओसरीवर, पाटीखाली बसले होते. पाटीच्या कडा गंजल्यात. आबा मात्र टवटवीत होते.

"बगा सायेब," ते म्हणाले, "गोळी न्हाय, नवस न्हाय. हाय का न्हाय ठणठणीत? घाला तुमच्या भाषणात."

मी म्हणालो, मी आता भाषणं करत नाही. बोलताना माझं लक्ष त्यांच्या कपाळाकडं होतं. टोपीच्या काठाखाली, डाव्या भुवईच्या वर, राखेचं एक बोट उमटलं होतं. झोपलेल्या माणसाला घाईत लावावं तसं, किंचित फराटलेलं. मी मान खाली घातली.

आक्का चहा घेऊन आल्या. एक कप माझ्यापुढं ठेवला, एक आबांपुढं. बोलण्याच्या नादात मी चुकून आबांचा कप उचलला आणि एक घोट घेतला. भरपूर साखर होती, आणि साखरेच्या मागून जिभेवर कडवटपणा आला. मी आक्कांकडं बघितलं. त्यांचा हात पदराशी थांबला होता. इतकी वर्षं शास्त्र शिकलेल्या माणसानं आता खरं बोलायचं ठरवलं तर काय, ही धास्ती त्यांच्या डोळ्यांत होती.

आबांनी माझ्या हातातला कप अलगद काढून घेतला.

"त्यो माजा हाय," ते म्हणाले. मान तिरकी करून त्यांनी मला विचारलं, "का वो, कडू लागला?"

"नाही, आबा."

"मलाबी रोजच न्हाय लागत," आबा म्हणाले, आणि आक्कांकडं न बघता त्यांनी कप तोंडाला लावला, शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि तळाशी राहिलेली साखर बोटानं चाटून घेतली.